ऊस दोघांचा, नाव एकाचे



'बंधू-भगिनी' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वार्षिक सभेची नोटीस असो, मोळीपूजनाचे निमंत्रण असो, की चेअरमनसाहेबांचे भाषण असो, हे दोन शब्द जोडीनेच येतात. पण सभेच्या मांडवात एकदा नजर टाकावी, तर बंधूच बंधू दिसतात. भगिनी असतात त्या पुढच्या एका रांगेत, राखीव जागेवरच्या संचालिका आणि त्यांच्या सोबतीला आलेल्या दोघी-चौघी. बाकीच्या भगिनी कुठे असतात? त्या आपल्याच शिवारात, आपल्याच उसात, खुरपे घेऊन वाकलेल्या असतात.

हा लेख कोणाला दोष देण्यासाठी लिहिलेला नाही, हिशेबासाठी लिहिला आहे. आपण सारे हिशेबी माणसे आहोत. उतारा पाव टक्क्याने घसरला तर आपण सभेत उठून विचारतो. वजनकाट्यावर दहा किलोचा फरक दिसला तर गाडी परत काट्यावर घेतो. असा हा काटेकोर शेतकरी एक हिशेब मात्र कधीच मांडत नाही. तो म्हणजे घरातल्या बाईच्या कामाचा.

उसाला हात कोणाचे?

आपल्या उसाचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. बेणे सोलायला बायका. कांडी सरीत दाबायला बायका. आता कांडीऐवजी रोपे लावायची पद्धत आली, तर रोपवाटिकेत पिशव्या आणि ट्रे भरायला पुन्हा बायकाच. पहिली खुरपणी, दुसरी खुरपणी, खताचे डोस, बांधणीच्या आधीची भांगलण, खोडव्यातले पाचट सरीत दाबणे, या सगळ्याला बायका. पुरुषमाणूस काय करतो? नांगरट, सरी, मोटार चालू करणे, रात्री वीज आली की दारे धरणे, औषध फवारणे, सोसायटीत जाणे, कारखान्यात जाणे. हीही कामे कष्टाचीच आहेत. हिवाळ्यात रात्री दोन वाजता पाण्यात उभे राहणे सोपे नाही, हे काय कोणी कोणाला सांगावे? पण ऊस हा एकट्या गड्याचा घाम आहे, असे म्हणणे खोटे आहे.

शिवाय बाईचा दिवस उसापाशी संपत नाही. जनावरांचे शेण, वैरण, धार, चूल, पाणी, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधे हे सगळे उसाच्या आधी आणि उसाच्या नंतर. सरकारने 2019 साली देशभर 'वेळेच्या वापराची' पाहणी केली. कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतो, याची ती मोजणी. घरातल्या बिनपगारी कामाला बाईचे दिवसाला 299 मिनिटे लागतात असे दिसले, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाची निघाली 97 मिनिटे. त्या 97 मिनिटांत आपल्या गावची किती धरायची, ते ज्याने त्याने आपल्या घरी बघून ठरवावे!

आता एवढे काम करणारी बाई सरकारी कागदावर कोण असते? 2011 च्या जनगणनेत देशातल्या काम करणाऱ्या शंभर बायकांपैकी 24 जणी 'शेतकरी' म्हणून नोंदल्या गेल्या आणि 41 जणी 'शेतमजूर' म्हणून. त्याशिवाय ज्या स्वतःच्या शेतात राबतात, पण गणक दारात आला तेव्हा घरच्या कारभाऱ्याने 'ती घरीच असते' असे सांगितले, त्यांची नोंद कामकऱ्यांत झालीच नाही. 'ती घरीच असते' हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की त्यात एका माणसाची बारमाही मजुरी बुडते हे ध्यानातही येत नाही.

अलीकडे सरकारी आकडे सांगतात की कामात असणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले. पंधरा वर्षांवरील शंभर बायकांत 2017-18 साली 23 जणी कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, 2023-24 साली त्या जवळजवळ 42 झाल्या. ऐकायला बरे वाटते. पण आत शिरून बघितले, तर काम करणाऱ्या दर तिघींतल्या एकीहून अधिक जणी 'घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीस' या सदरात आहेत. म्हणजे काम मोजले गेले, पण पैसा तिच्या हातात आला नाही. वाढ झाली ती कामाची, कमाईची नव्हे.

सहकाराचे दार आणि सातबाऱ्याची किल्ली

आपल्या राज्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घातला गेला. 1948 साली नोंदणी झाली आणि 1950-51 साली पहिला गळीत हंगाम निघाला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळांची अर्थशास्त्राची बैठक यांतून ते काम उभे राहिले. खाजगी कारखानदार भाव पाडून शेतकऱ्याला नाडतो, तेव्हा शेतकऱ्यानेच कारखान्याचा मालक व्हावे, हा त्यामागचा विचार. जो पिकवतो तो मालक. एका सभासदाला एक मत, मग त्याचा ऊस दहा गुंठे असो की दहा एकर. या तत्त्वावर सगळा महाराष्ट्र भारावून गेला होता. शेअरची रक्कम भरण्यासाठी त्या काळी किती घरांतल्या पाटल्या आणि डोरली सावकाराच्या पेटीत गेली, त्याची नोंद मात्र कोणत्याही कारखान्याच्या वहीत नाही.

जो पिकवतो तो मालक, हे तत्त्व खरे मानले तर जी पिकवते तीही मालक व्हायला हवी होती. ते झाले नाही, कारण सहकाराच्या दाराची किल्ली सातबारा आहे. ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर कार्यक्षेत्रात जमीन आपल्या नावावर पाहिजे. जमीन बापाकडून मुलाकडे जात आली. म्हणून सभासदत्वही बापाकडून मुलाकडे गेले. ऊस नोंद त्याच्या नावावर, उसाचे बिल त्याच्या खात्यावर, सवलतीची साखर त्याच्या कार्डावर, पीक कर्ज त्याच्या सहीवर, आणि सभेतले मतही त्याचेच. बाईला बंदी कोणीच केली नव्हती. फक्त किल्ली दिली नव्हती, एवढेच.

देशात 2015-16 साली शेतीची गणना झाली, तेव्हा शंभर वहिवाटदारांत बायका होत्या जेमतेम 14, आणि त्यांच्याकडचे क्षेत्र 12 टक्क्यांच्याही आत. आपल्या सभासद यादीत काय चित्र आहे, हे प्रत्येकाने आपापल्या गावची यादी उघडून बघावे. आणि ज्या बायकांची नावे यादीत आहेत, त्यांतल्या किती जणींनी आपला शेअर दाखला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, हेही विचारावे. कमाल जमीन धारणेचा कायदा आला तेव्हा, नाहीतर घरात एक मत जादा असावे म्हणून, पुष्कळांनी सौभाग्यवतीचे नाव कागदावर चढवले. नाव चढले, पण सही मालकांचीच राहिली. अशा नावाला सभासदत्व म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत, हे चांगलेच झाले. त्या जागांवर काही ठिकाणी फार कर्तबगार बायका बसलेल्या आपण पाहतो. पण काही ठिकाणी निवडून आलेल्या ताईंपेक्षा फलकावर साहेबांचा फोटो मोठा असतो आणि मीटिंगच्या वेळी गाडीतूनही साहेबच उतरतात. यात ताईंचा दोष काय? जिचे नाव घरच्या सातबाऱ्यावर नाही, जिने कारखान्याचा ताळेबंद कधी हातात घेतला नाही, तिला एकदम व्यासपीठावर बसवले तर ती गप्पच बसणार. पाया घरापासून घालायला हवा.

कायदा पुढे, आपण मागे

या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला होता असे नाही. 1972 चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून गावोगाव आहेत. त्या दुष्काळात खडी फोडायला आणि नालाबांधावर माती टाकायला सर्वांत जास्त कोण आले? बायका. वि. स. पागे यांनी त्याआधी तासगाव तालुक्यात रोजगाराचा जो प्रयोग केला होता, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. कामाचे माप घ्यायचे आणि मापाप्रमाणे दाम द्यायचे, गडी की बाई बघायचे नाही, हे त्या योजनेचे सूत्र. 'बायका बाहेरच्या कामाला येत नाहीत' म्हणणाऱ्यांना हे मोठे उत्तर होते. काम गावाजवळ असले, दाम सारखा असला आणि पगार तिच्या नावावर असला, की बाई येते.

1976 साली समान कामाला समान वेतनाचा कायदा झाला. आता तो वेतन संहितेत गेला आहे. पण आपल्या बांधावर काय चालते? बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा रोज वेगळा, हे आपण पंचांग सांगावे तसे सांगतो. खुरपणी हे बाईचे काम, म्हणून त्याचा रोज कमी. की रोज कमी द्यायचा म्हणून ते बाईचे काम? एकदा कोणा सभासदाने उन्हात वाकून दिवसभर खुरपणी करून बघावी आणि मग सांगावे, ते हलके काम आहे का!

जमिनीच्या बाबतीत तर महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क देणारा कायदा केला. 2005 साली केंद्राने तो सगळ्या देशाला लागू केला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की 2005 साली बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. कायदा इतका पुढे गेला. आपण कुठे आहोत? तलाठ्याकडे वारस नोंद होते, आणि त्याच पंधरवड्यात बहिणींना गाडी पाठवून तालुक्याला आणले जाते, हक्कसोड पत्रावर सह्या होतात, साडी-चोळी होते आणि बहीण परत जाते. तिने सही दिली नाही तर माहेर तुटेल, ही भीती तिला कोणी बोलून दाखवत नाही. ती तिला ठाऊकच असते.

शेतकऱ्यांच्या चळवळीतूनही हा विचार आला होता. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, गावोगावच्या बायका लोटल्या. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली. शेतमालाला भाव नाही म्हणून शेतकरी लुटला जातो, हे खरे, पण त्या शेतकऱ्याच्या घरात त्याच्याहून जास्त लुटली जाते ती त्याची लक्ष्मी, तेव्हा आधी थोडी जमीन तिच्या नावावर करा आणि मग सरकारकडे भाव मागा. त्या हाकेला पुष्कळ गावांनी साथ दिली, जमिनीचे तुकडे बायकांच्या नावावर झाले. पुढे जोर ओसरला. विचार मात्र जुना झालेला नाही.

कोयता म्हणजे किती माणसे?

आता घरची बाई सोडून फडातल्या बाईकडे येऊ. कारण आपला ऊस आपली बाई वाढवते, पण तोडते ती बीडची, जालन्याची, परभणीची, पाथर्डीची बाई.

तोडणीच्या करारात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडपे. एकटा गडी आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे बाई अर्धी आहे, हे हिशेबाने कबूल आहे. पण उचल कोणाच्या हातात पडते? नवऱ्याच्या. मुकादमाच्या कागदावर अंगठा कोणाचा? नवऱ्याचा. हंगाम संपताना हिशेब कोणाशी? नवऱ्याशी. त्या अर्ध्या कोयत्याचे नाव, गाव, वय आपल्या शेती खात्याकडे असेलच असे नाही. उद्या फडात साप चावला, ट्रॉली उलटली, तर ती कोण होती हे शोधायला मुकादम लागतो.

तिचा दिवस बघा. पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढे चूल, भाकरी, पाणी. उजाडायच्या आत फडात. नवरा बुडातून ऊस तोडतो, ती पाला काढते, वाढे छाटते, मोळी बांधते. मग ती तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. लेकरू बांधावर, नाहीतर धाकट्याला राखणाऱ्या मोठ्या पोरीच्या कडेवर. त्या मोठ्या पोरीची शाळा ऑक्टोबरातच सुटलेली असते.

आणि या कामाचा दाम? जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. टनाला सुमारे 366 रुपये धरा. जोडप्याने दिवसाला अडीच टन ऊस तोडला तर 915 रुपये होतात. दोघांत वाटले तर माणशी साडेचारशेच्या आसपास, पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे. त्यातून उचल फिटायची. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचा दंड वेगळा.

या खाड्याच्या भीतीने काय झाले ते 2019 साली साऱ्या देशाने वाचले. एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4605 बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, असे आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. नंतर नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. त्यांतल्या पुष्कळजणी ऐन तिशीतल्या. पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, पाणी नाही, विश्रांती घेतली तर खाडा, अंगावरचे दुखणे वाढलेले, आणि वर काही डॉक्टरांनी 'कॅन्सर होईल' म्हणून घातलेली भीती. एका मोरीचा आणि चार दिवसांच्या विश्रांतीचा खर्च वाचवण्यासाठी बाईने शरीराचा भाग दिला. सभासदहो, ही साखर गोड कशी लागावी?

'ते लोक मुकादमाचे, कारखान्याचा त्यांच्याशी संबंध नाही' असे उत्तर आजवर दिले गेले. पण मुकादमाला पैसा कोठून जातो? तोडणी-वाहतुकीच्या ॲडव्हान्सच्या रूपाने कारखान्यातूनच जातो. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या उसाच्या भावातूनच वजा होतो. म्हणजे तिला मजुरी देणारा शेवटी मी आणि तुम्हीच आहोत. मजुरी आपली आणि जबाबदारी मुकादमाची, असे कसे चालेल?

यंत्र आले, आता पुढे?

एस्टर बोसरप नावाच्या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1970 साली विकासातल्या स्त्रियांच्या स्थानावर पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. शेतीत नवे अवजार, नवे बियाणे, रोखीचे पीक आले की शिक्षण आणि कर्ज पुरुषाला मिळते, यंत्र पुरुषाच्या हातात जाते, बाई जुन्याच अवजाराशी राहते. मग दोघांच्या कमाईतले अंतर वाढते, आणि लोक म्हणतात, बाईचे काम कमी दर्जाचे. चार-पाच वर्षांनी, 1974-75 साली, फुलरेणू गुहा यांच्या समितीने भारताबद्दलही असाच इशारा दिला होता, की विकास होतो आहे पण बायका कामातून मागे सरकत आहेत.

आपल्या पट्ट्यात हे डोळ्यांसमोर घडते आहे. ठिबकचे प्रशिक्षण, माती परीक्षणाचा मेळावा, ऊस पीक शिबिर या सगळ्यांना बोलावणे सभासदाला, म्हणजे पुरुषाला. खत घालणारी बाई, पण खताचे प्रमाण ऐकून येतो तो कारभारी. हार्वेस्टरला अनुदान आहे, त्याचा चालक पुरुष, मालक पुरुष. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र येणारच, त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण यंत्र आल्यावर फडातून पहिल्यांदा बाहेर पडणार ती बाई. तिच्यासाठी दुसरे कोणते काम आपण ठेवले आहे? सरकारने 2023 साली बचत गटांच्या बायकांना शेतीच्या फवारणीचे ड्रोन देण्याची योजना काढली. बाईच्या हातात नवे यंत्र देता येते, हे त्याने तरी मान्य झाले.

हरकती आणि उत्तरे

ही गोष्ट काढली की काही हरकती ठरलेल्या येतात. त्यांना धुडकावून न लावता उत्तर देऊ.

पहिली : 'बायकोच्या नावावर जमीन केली आणि उद्या ती माहेरी गेली तर?' वीस-पंचवीस वर्षे ज्या शेतात ती राबली, त्या शेताचा तुकडा घेऊन ती जाईल अशी शंका घेणाऱ्याने आधी एवढे सांगावे : गड्याने जमीन दारूत नाहीतर लग्नाच्या कर्जात घालवली अशी किती घरे गावात आहेत, आणि बाईने घालवली अशी किती आहेत?

दुसरी : 'बायकांना व्यवहार कळत नाही.' मुंबईत गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच आजचे लिज्जत. तेथे लाटणारी प्रत्येक बहीण मालक आहे. एवढे लांब नको, माण तालुक्यातले म्हसवड घ्या. तेथे बायकांची बँक काढायचा अर्ज केला तर पहिल्यांदा नकार आला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका जिद्दीने लिहायला शिकल्या, आणि तोंडी व्याज काढून दाखवतो म्हणाल्या. 1997 साली त्या दुष्काळी गावात माणदेशी महिला बँक उभी राहिली. आपल्या भागातल्या मोठमोठ्या पतसंस्था व्यवहार कळणाऱ्या पुरुषांच्या हातात असताना कशा बुडाल्या, हे मी सांगायला नको.

तिसरी : 'मजूर बायकांची बँक खाती कुठे असतात?' ही हरकत आता संपली. 2014 पासून जनधनची खाती निघाली, आणि 2024 साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये राज्यातल्या बायकांच्या स्वतःच्या खात्यावर आले. सरकारला खाते सापडते आणि आपल्याला सापडत नाही, हे पटण्यासारखे नाही. शिवाय एक लक्षात घ्या. दीड हजार ही मदत आहे. तिची मजुरी हा हक्क आहे. मदत तिच्या खात्यावर आणि हक्क नवऱ्याच्या खात्यावर, हा कसला न्याय?

चौथी : 'खर्च कोण करणार?' ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनाला दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे ठरले आहे, तेवढीच भर सरकारने घालायची आहे. तो पैसा तोडणाऱ्या बायांपर्यंत पोचतो का, हे विचारण्याचा सभासदांना अधिकार आहे. त्याच्यावर टनामागे आणखी एक रुपया आपण काढला, तर दहा लाख टन गाळपाला दहा लाख रुपये होतात. फिरती शौचालये, न्हाणीचे आडोसे, पिण्याच्या पाण्याचा टँकर आणि हंगामभर एक परिचारिका, यांची सुरुवात तेवढ्यात होऊ शकते. साठ टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या खिशाला त्याने साठ रुपयांची चाट बसेल. एका जेवणाच्या पैशाची गोष्ट आहे.

काय करावे?

नुसते लेख लिहून भागत नाही. म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे ठेवण्यासाठी या सूचना मांडतो. सभासदांनी यावर बोलावे, दुरुस्त्या सुचवाव्यात.

1. ऊस बिल पती-पत्नीच्या संयुक्त खात्यावर जमा करण्याची सोय करावी आणि जे सभासद ती घेतील त्यांची नावे या अंकात छापावीत. सक्ती नको, पण कौतुक व्हावे.

2. प्रत्येक सभासदाने आपल्या भागाचे नामनिर्देशन तपासावे. पुष्कळांचे ते वडिलांच्या काळातले आहे, नाहीतर रिकामेच आहे. पत्नीचे नाव घालायला एक अर्ज पुरतो. सभासद वारल्यावर विधवा बाईला दोन-दोन वर्षे शेअर खात्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्या वाचतील.

3. ज्यांना जमेल त्यांनी थोडी तरी जमीन पत्नीच्या नावावर करावी. पती-पत्नीतल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. अशा भगिनींना सभासद करून घेताना कारखान्याने अडवणूक करू नये.

4. ऊस पीक शिबिरे आणि प्रशिक्षण सहली यांत निम्म्या जागा घरच्या बायकांसाठी ठेवाव्यात, आणि वेळ दुपारची ठेवावी. सकाळी दहाला मेळावा ठेवायचा आणि बायका आल्या नाहीत म्हणायचे, हे बरोबर नाही.

5. तोडणीच्या करारात कोयत्याऐवजी दोन माणसे लिहावीत. दोघांची नावे, दोघांची ओळखपत्रे, दोघांचा विमा, आणि मजुरीचा निम्मा भाग बाईच्या खात्यावर. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांत खाड्याचा दंड घेणाऱ्या मुकादमाला पुढच्या हंगामात काम देऊ नये.

6. अड्ड्यावर हंगामाच्या आधी आणि शेवटी बायकांची आरोग्य तपासणी, पोरांसाठी साखरशाळा आणि पाळणाघर यांचा अहवाल वार्षिक अहवालात छापावा. गाळपाचा आकडा छापतो, तसाच हाही छापावा.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिला ठराव लागत नाही, पैसाही लागत नाही. लांबलेली जनगणना 2027 साली ठरली आहे. गणक दारात येईल आणि घरची बाई काय करते म्हणून विचारेल. तेव्हा 'घरीच असते' असे म्हणू नका. 'शेती करते' असे सांगा. जमलेच तर तुम्ही गप्प बसा आणि तिलाच सांगू द्या.

सहकाराने या भागातल्या माणसाला मान वर करायला शिकवले. सावकारापुढे वाकणारा कुणबी संचालकाच्या खुर्चीत बसला. ज्या वाटेने तो वर आला, त्या वाटेवर त्याच्या मागून चालणारी बाई अजून डोक्यावर मोळी घेऊन उभी आहे. कारखाना शेतकऱ्यांचा आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. शेतकरी या शब्दात ती येते की नाही, एवढे येत्या सभेत ठरवू या. आणि त्या सभेला येताना, सभासदहो, एकटे येऊ नका.

— एक ऊस उत्पादक सभासद